रॅम आत्ता घेतली, प्रोसेसर थांबवला

लातुरात क्लासेसच्या प्रश्नपत्रिका ज्या मशीनवर लावतो, ते असं आहे: इंटेल कोअर आय३ ७१००, एच११० चिपसेटचा (बोर्डावरचे भाग जोडणारी चिप) बोर्ड, डीडीआर४ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, १ टीबीची, आत तबकड्या फिरणारी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. नीटच्या सराव परीक्षांच्या दिवसांत १८० प्रश्नांची, आकृत्या आणि समीकरणं असलेली फाइल उघडायला तीन-चार मिनिटं लागू लागली. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या अपडेट, संपला. नवं मशीन घ्यावं की थांबावं, हे ठरवणं भाग होतं.

हा प्रश्न अख्ख्या मशीनबद्दल विचारला की उत्तर मिळत नाही. म्हणून मी एकेक भाग वेगळा काढून दोनच गोष्टी तपासल्या: आज काम कुठे अडतंय, आणि सहा महिने थांबलो तर या भागाचं काय होईल.

दुकानात जाण्याआधी तीन दिवस काम करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवला. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर ४० टक्क्यांच्या वर क्वचितच गेला. मेमरी मात्र ९० टक्क्यांच्या खाली येईना, आणि त्याच पानावरचा ‘कमिटेड’चा, म्हणजे प्रोग्रॅमनी मागितलेल्या एकूण मेमरीचा, आकडा ७ जीबीच्या पुढे. रॅम ४ जीबी आणि मागणी ७ जीबीची, म्हणजे उरलेला भार विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलवर (रॅम अपुरी पडली की वापरायची फाइल) टाकत होतं. डिस्कचा वापर सतत १०० टक्के आणि प्रतिसादाचा वेळ ४०० मिलिसेकंदांच्या वर. धडधाकट फिरत्या डिस्कला एका वाचनासाठी १०-१५ मिलिसेकंद पुरतात. दुखणं रॅमचं आणि डिस्कचं होतं. प्रोसेसर बिचारा वाट बघत बसला होता.

डिस्क संथ आहे की मरायला टेकली आहे, हेही पाहणं गरजेचं. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी५ या दोन ओळी बघाव्यात. पहिलीत बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) असतात, दुसरीत वाचायला अडणारे. कच्चे आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, ते सेटिंगमधून दशमान करून घ्यावेत. माझ्या डिस्कवर सी५ शून्याच्या वर होता आणि तीन दिवसांत वाढला. वाढणारा सी५ म्हणजे डिस्क बदलायला थांबायचं नाही. अशा वेळी बरेच जण चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन लावतात. ते आधी करू नये. खराब जागा पुन्हा पुन्हा वाचताना डिस्कवर ताण पडतो आणि उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. आधी नकल, मग दुरुस्ती.

नकल मी रोबोकॉपी या विंडोजमधल्याच आज्ञेने केली. त्यात एक खोच आहे: एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबून. म्हणून ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन्ही पर्याय १ वर ठेवले, म्हणजे एकदा पुन्हा बघून ते पुढे सरकतं. आधी चालू हंगामाचे फोल्डर, मग जुने. सोबत फॉन्टचं फोल्डर आठवणीने घेतलं, कारण जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत आणि तोच फॉन्ट नसेल तर अख्खं पान अगम्य दिसतं. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना मशीनला बांधलेला असतो, तो जुन्या डिस्कवरूनच निष्क्रिय करावा. डिस्क काढल्यावर ते जमत नाही.

सर्वांत जास्त विचार रॅमवर खर्च झाला. थांबलं की वस्तू स्वस्त होते, हा संगणकातला जुना अनुभव. या वेळी उलट होतं. २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांनी क्षमता वळवली, आणि डीडीआर४चं उत्पादन तर आधीपासूनच आवरतं घेतलं जात होतं. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, त्यामुळे दोन-चार महिने थांबून भाव उतरेल ही आशा मी धरली नाही. पण महाग आहे म्हणून घाबरून ३२ जीबीही घ्यायची नाही. मागणी ७ जीबीची दिसली होती. आहे त्या ४मध्ये ८ जीबीची पट्टी घातली की १२ होतात आणि काम निभतं.

दोन पट्ट्या वेगळ्या आकाराच्या चालतात. इंटेलचा बोर्ड दोन्हींतले ४-४ जीबी जोडीने वापरतो आणि वरचे ४ एकेरी. दुकानात ३२०० वेगाची पट्टी मिळाली तरी या प्रोसेसरवर ती २४००वरच धावते, तेव्हा वेगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. एच११०चे काही बोर्ड डीडीआर३चेही आहेत. मशीनमधले भाग दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या पानावर प्रकार बघूनच निघावं, कारण दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि चुकीची पट्टी बसतच नाही. जुनी पट्टी घेत असाल तर रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. एकही चूक दिसली तर सकाळी परत करा.

ही पट्टी पुढे उपयोगी पडणार का, हेही तेव्हाच बघितलं. पुढचं मशीन इंटेलच्या आठव्या ते दहाव्या पिढीचं किंवा एएमडीच्या एएम४ सॉकेटचं (प्रोसेसर बसतो ती खाच) असेल तर डीडीआर४ तिथे चालते. एएमडीचंच नवं एएम५ घ्यायचं असेल तर तिथे फक्त डीडीआर५, आणि आजचा खर्च तिकडे नेता येत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत दोन सल्ले मिळाले. पहिला, याच बोर्डावर जुना आय७ ७७०० टाकायचा. तो चालतो, पण सातव्या पिढीचा असल्याने विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही, मग पैसे घालून ऑक्टोबरचा प्रश्न तसाच राहतो. दुसरा सल्ला आठव्या पिढीच्या आय५चा. हा फसवा आहे. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, प्रोसेसर खाचेत बसतोही, पण त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो आणि एच११०वर मशीन सुरूच होत नाही. म्हणून प्रोसेसरला हात लावला नाही.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, घेतली: नेहमीच्या साटा केबलवर चालणारी, अडीच इंची, ५०० जीबी. एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसणारी जास्त वेगवान एसएसडी, इथे वाया जाते. एच११०च्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ची जागाच नसते, आणि चिपसेटच्या लेन (डेटा जायचे मार्ग) जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई २.०च्या आहेत. साटाचे सेकंदाला साडेपाचशे एमबी या कामाला पुरतात. खरा फरक बारीक बारीक वाचनांमध्ये पडतो, कारण जागा शोधत फिरणारं डोकं एसएसडीत नसतंच.

एसएसडी लावण्याआधी वीज बघितली. आपल्याकडे दिवसातून दोन-तीन वेळा झटका बसतोच, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर नव्या डिस्कवरची फाइलही बिघडते. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. वायर काढून मशीन आणि मॉनिटर किती वेळ तगतात ते मोजलं, दीड मिनिट भरलं नाही. यूपीएस तोच ठेवून फक्त बॅटरी बदलली.

प्रोसेसरचं तापमान ९० अंशांच्या आसपास होतं, तेही जानेवारीत. ही चिप १०० अंशांपर्यंतच चालते, उन्हाळ्यात ती स्वतःचा वेग कमी करणार हे उघड होतं. पंख्याच्या पात्यांत धुळीचा थर आणि प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. कूलरच्या चार पिना समोरासमोरच्या जोडीने दाबाव्यात आणि बोर्डाच्या मागून चारही बाहेर आल्या का ते बघावं. एक अर्धवट राहिली तर पेस्टचा उपयोग नाही. तापमान सत्तरच्या खाली आलं. खर्च नगण्य.

हे सगळं संक्रांतीला क्लासेस बंद होते तेव्हा केलं. खराब सेक्टरच्या डिस्कचं क्लोन (जशीच्या तशी प्रत) अर्ध्यात अडकतं म्हणून विंडोज १० नव्याने टाकलं. त्याआधी बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा एएचसीआय या पद्धतीवर आणि बूट यूईएफआय या पद्धतीवर ठेवला. हे नंतर बदललं तर विंडोज बूट होत नाही. आता तीच १८० प्रश्नांची फाइल दहा सेकंदांच्या आत उघडते.

सुरक्षेच्या अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव योजना आहे, घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती विनामूल्य मिळते. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. कार्यालयाच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला हा मार्ग नाही.

म्हणजे प्रोसेसर आणि बोर्डासाठी मुदत ठरली. नीट सहसा मेच्या पहिल्या रविवारी असते आणि नव्या बॅचेस जूनमध्ये सुरू होतात. मधले तीन आठवडे मशीन उघडं पाडायला मोकळे. तेव्हा पुण्यात किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये कार्यालयांतून निघालेली जुनी मशीन बघणार आहे. नुसतं ‘आय५’ ऐकून घ्यायचं नाही, पुढचा आकडा वाचायचा: ६५०० असेल तर सहावी पिढी, ८५०० असेल तर आठवी. दुकानातच मशीन लावून विंडोज ११ला लागणाऱ्या टीपीएम या सुरक्षेच्या चिपची आवृत्ती २.० दिसते का ते बघायचं. अगदी छोट्या डब्यांत लॅपटॉपची आखूड रॅम लागते, माझी ८ जीबीची पट्टी तिथे बसणार नाही, म्हणून उभ्या टॉवरचंच मशीन. आणि पॉवर सप्लायचा जोड नेहमीच्या २४ पिनांचा आहे का हे झाकण उघडून बघायचं, कारण कंपनीचा खास सप्लाय जळाला तर लातुरात तो लगेच मिळत नाही.