‘बसेल हो’

टायरवाल्याच्या तोंडचं ‘बसेल हो’ मी यापुढे मनावर घेणार नाही.

गाडीला मूळचा टायर 245/70 आर 16 मापाचा होता (245 मिलिमीटर रुंदी, 16 इंची रिम), मला त्याहून मोठा 265/75 हवा होता. हिशोब सोपा आहे: रुंदीच्या 70 टक्के (नव्यात 75) म्हणजे साइडवॉल, टायरची बाजूची भिंत; तिची दुप्पट, त्यात 16 इंची रिमचे 406 मिलिमीटर. जुन्याची उंची 749, नव्याची 804. उंची साडेपाच सेंटिमीटरने वाढते, पण गाडीचं पोट वर येतं त्याच्या निम्मंच. हे ठाऊक असूनही मोह झाला.

दुकानात सपाट फरशीवर स्टेअरिंग पूर्ण फिरवून दाखवलं, टायर आणि प्लास्टिकच्या मधून दोन बोटं आरामात जात होती. पहिल्याच खडकावर चाक चढलं, स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि खर्रर्र! परत गेलो. “मडफ्लॅप लागतोय,” म्हणून त्यांनी तो कापला. आवाज तसाच. पुन्हा गेलो, आतलं प्लास्टिक कापलं. तरी तसाच. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, “घासून घासून होईल जागा.” तिथे माझं डोकं फिरलं.

शेवटी मीच टायरच्या कडांना खडू फासला, पुढचं एक चाक उंच दगडावर चढवलं आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवलं. (जॅकवर तपासू नका. जॅकने चाक खाली लोंबतं. घासतं ते स्प्रिंग दाबल्यावर.) टॉर्च मारला तर पांढरा पट्टा थेट आतल्या पत्र्याच्या जोडावर! इतके दिवस आम्ही भलतंच कापत होतो.

मग 235/85 आर 16 घेतला. उंची 806, पण रुंदी तीन सेंटिमीटरने कमी. घासणं बंद. वाळूत रुंद टायर बरा, हे मान्य. मी जातो दगडधोंड्यांत. घेताना रिमची रुंदी आणि टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मात्र बघून घ्या.

हो, स्पीडोमीटरवर आता 100 दिसतात तेव्हा गाडी 107-108 ने पळत असते. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. एक चाक लहान ठेवून फोर व्हील ड्राइव्ह लावलं तर डांबरी रस्त्यावर गिअरची यंत्रणा पिळली जाते. माझी नवी स्टेपनी तिच्या जागेत मावत नाही, डिकीत पडून असते.

आणि त्या कापलेल्या प्लास्टिकमधून दर वेळी चिखल आत उडतो.