तुम्ही विचारलंत म्हणून: ओआरएफ सापडला म्हणजे जनुक सापडलं का?

दर उन्हाळ्यात प्रोजेक्टला येणारी मुलं हे विचारतातच. सीक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला असतो, पडद्यावर सहा ओळींत रंगीत बाण उमटलेले असतात आणि सगळ्यात लांब बाणावर बोट ठेवून कुणीतरी म्हणतं, "मॅडम, हा ओआरएफ. म्हणजे जीन मिळाला ना?" मी "बघू" म्हणते. त्या 'बघू'त काय काय आहे, ते एकदाचं लिहून टाकते.

ओआरएफ म्हणजे ओपन रीडिंग फ्रेम. डीएनएत अक्षरं चारच, शब्द सगळे तीन अक्षरी आणि दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. मोडी कागद पाहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. तिथंही एका रेघेखाली सगळं सलग, तोडायचं वाचणाऱ्यानं. बालवाडीतलं वाटेल असं वाक्य घ्या: मगनगवतउचलपरत. पहिल्या अक्षरापासून तोडलं तर 'मगन गवत उचल परत'. दुसऱ्यापासून तोडलं तर 'गनग वतउ चलप'. तिसऱ्यापासून 'नगव तउच लपर'. एका धाग्याच्या अशा तीन चौकटी, समोरच्या धाग्याच्या उलट दिशेनं तीन, म्हणून पडद्यावर सहा ओळी. एखाद्या चौकटीत एटीजी या सुरुवातीच्या शब्दापासून निघून टीएए, टीएजी किंवा टीजीए यांपैकी पहिला थांबा येईपर्यंतचा जो सलग पट्टा, तो ओआरएफ. बस, एवढंच. त्याचं प्रथिन बनतं असं यात कुठंही म्हटलेलं नाही.

मगनच्या वाक्यातून दुसरं अक्षर काढा: 'मनग वतउ चलप'. सगळंच बोंबललं. आता दुसरं, तिसरं, चौथं अशी तीन काढा: 'मवत उचल परत'. एक शब्द गेला, बाकी जागेवर. फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1961 साली टी4 या जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूवर हाच खेळ केला आणि शब्द तीन अक्षरी असल्याचं दाखवलं. मला तो पुस्तकातून नाही, स्वतःच्या चुकीतून कळला. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी प्रायमर (जनुकाच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागवताना एक अक्षर कमी टाइप केलं. क्लोनिंग झालं, म्हणजे जनुक जिवाणूंत शिरलं, त्यांच्या कॉलनी आल्या, पण प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारं जेल निळ्या रंगातून काढून धुतलं की तीस किलोडाल्टनला माझ्या प्रथिनाचा पट्टा नाहीच. तीन आठवडे मी तापमान बदललं, जिवाणूंना प्रथिन बनवायला लावणारं आयपीटीजी बदललं, जिवाणूंना दोष दिला. शेवटी सीक्वेन्स करून आणला, तर चौकट एका अक्षरानं सरकलेली आणि विसाव्या शब्दाला टीजीए.

विसाव्याला, यात नवल नाही. चौसष्ट शब्दांपैकी तीन थांब्याचे, म्हणजे भलत्या चौकटीत सरासरी दर एकविसाव्या शब्दाला थांबा येणार. म्हणून शंभर शब्द न अडखळता गेले की हे खरं जनुक असावं असा माणसाला संशय येतो. 1996 साली यीस्टचा पूर्ण जीनोम हाती आला तेव्हा हीच शंभराची रेघ धरली आणि सुमारे सहा हजार ओआरएफ मोजले. रेघ सोयीची, पण आंधळी. वरचे काही निव्वळ योगायोगानं लांब झालेले, खालचे काही खरे असून टाकून दिलेले. फळमाशीत एक जनुक आहे, त्यातले बरेचसे ओआरएफ जेमतेम अकरा अमिनो आम्लांचे (प्रथिनाच्या माळेतले मणी, एका शब्दाला एक). त्याच्या आरएनएपासून, म्हणजे प्रथिन बनवताना वाचल्या जाणाऱ्या जनुकाच्या नकलेपासून, प्रथिन बनत नाही असंच आधी धरलं होतं. ते जनुक बिघडलं की अळीच्या अंगावरचे बारीक काटे जातात आणि ती गुळगुळीत दिसते. जपानी संशोधकांनी नाव ठेवलं 'पॉलिश्ड राइस'. तांदूळ खाणाऱ्यांनाच सुचावं असं नाव.

पण मला खरं वेड लावलं ते प्रथिनासाठी नसलेल्या ओआरएफनी. यीस्टमध्ये जीसीएन4 नावाचं जनुक आहे. अमिनो आम्लांची टंचाई झाली की ती बनवणारी यंत्रणा सुरू करण्याचं काम याच्या प्रथिनाचं. त्याच्या आरएनएवर मुख्य ओआरएफच्या अलीकडे चार इवलेसे ओआरएफ आहेत, दोन-तीन शब्दांचे. रायबोसोम, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन बनवणारं यंत्र, येतो, पहिला वाचतो, पुढे सरकतो. नव्यानं सुरुवात करायला त्याला मेथिओनिन हे सुरुवातीचं अमिनो आम्ल आणणारा हमाल, म्हणजे टीआरएनए, पुन्हा हाती यावा लागतो. खाण्यापिण्याची चंगळ असताना तो लगेच मिळतो, रायबोसोम चौथ्यावर पुन्हा वाचायला लागतो आणि तिथंच गळून पडतो. मुख्य ओआरएफपर्यंत फारसं कुणी पोचत नाही. उपासमारीत मात्र तो टीआरएनए लवकर मिळत नाही. रिकाम्या हातानं सरकत सरकत रायबोसोम चौथा ओलांडून जातो आणि हातात ऐवज येतो तोवर मुख्य एटीजी समोर असतो. म्हणजे उशीर झाला म्हणून काम झालं! इतर बहुतेक प्रथिनांचं बनणं मंदावलेलं असताना याचं वाढतं. ॲलन हिनेबुश यांनी हे कोडं उलगडण्यात अनेक वर्षं घालवली आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

हे यीस्टचे नखरे म्हणून सोडून देता येत नाही. माणसाच्या जवळजवळ निम्म्या आरएनएवर असे अलीकडचे ओआरएफ आहेत आणि बरेचदा ते ब्रेकचं काम करतात. थ्रॉम्बोपोएटिन या प्लेटलेट वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात असाच ब्रेक आहे. 1998 साली एका डच कुटुंबात तो उडालेला सापडला: प्रथिन जसंच्या तसं, फक्त भरमसाट बनत होतं, आणि प्लेटलेट वाढलेल्या. मुख्य ओआरएफ तपासून हा आजार कधीच सापडला नसता.

यंदा आलेल्या एका मुलीनं लांब बाण सोडून त्याच्या अलीकडच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. चार शब्दांचा होता. "हा कशाला आहे?" म्हणाली. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.