आमची वाटचाल: ‘टेस्ट कॉपी ३’ पासून हजेरीच्या फाइलपर्यंत

आम्ही चारच माणसं. लोकांच्या ऑफिसातली रोजची कंटाळवाणी कामं ऑटोमेट करून द्यायची हा आमचा धंदा, म्हणजे फॉर्म भरला की शीटमध्ये नोंद, बिल थकलं की रिमाइंडर, मेलवर आलेली पीडीएफ बरोबर फोल्डरात, असलं सगळं. २०२१ ला सुरू केलं तेव्हा दोघंच होतो आणि एनएटएन (n8n) हे ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचो (मूळ नाव नोडमेशन, इंग्रजी स्पेलिंगमधली मधली ८ अक्षरं गाळली म्हणून ‘एन आठ एन’, क्लायंटला हे नाव समजावण्यात पहिली पाच मिनिटं जायची). बॅकअप? होता की. माझ्या डाउनलोड्स फोल्डरात एनएटएनमधून काढलेल्या जेसन (JSON) फायली, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरं फायनल’.

मग २०२३ मध्ये आमचा सगळ्यात जुना सहकारी सोडून गेला, भांडण वगैरे काही नाही, चांगली संधी मिळाली म्हणून गेला, आणि हँडओव्हर म्हणजे चाळीस मिनिटांचा एक कॉल. त्याच्या जागी आलेल्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात साफसफाई काढली आणि ‘टेस्ट कॉपी ३’ नावाचं वर्कफ्लो (म्हणजे एका ऑटोमेट केलेल्या कामाची जोडलेली साखळी) डिलीट केलं. तेच लाइव्ह होतं. एका क्लायंटचे पेमेंट रिमाइंडर दोन दिवस गेलेच नाहीत आणि कळलं कधी, तर त्यांचा फोन आला तेव्हा. ती रडवेली होऊन म्हणाली, “दादा, त्यावर टेस्ट लिहिलं होतं हो.” तिची काय चूक, लिहिलंच होतं.

जुनी फाइल सापडली, इंपोर्ट केली, तर क्रेडेन्शियल (दुसऱ्या सेवांची लॉगिन माहिती) लागणाऱ्या प्रत्येक नोडवर, म्हणजे वर्कफ्लोच्या प्रत्येक पायरीवर, लाल त्रिकोण. एक्स्पोर्टमध्ये क्रेडेन्शियलचं फक्त नाव आणि आयडी येतो, पासवर्ड येत नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा, पण त्या रात्री मला ते अजिबात बरोबर वाटलं नाही.

त्यानंतर ऑटोमॅटिक बॅकअप करायचं ठरलं. पहिला प्रयत्न हौशी होता, एनएटएनमध्येच एक वर्कफ्लो केलं, ते रोज रात्री सगळी वर्कफ्लो वाचून गिटच्या (फायलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणारी प्रणाली) प्रायव्हेट रेपोत, म्हणजे खाजगी साठ्यात, टाकायचं. छान चाललं. मग कुणीतरी काहीतरी तपासायला ते बंद केलं आणि परत चालू करायचं राहिलं, १९ दिवस बॅकअपच नाही. आम्ही एरर वर्कफ्लो (काही चुकलं की कळवणारं) लावलेलं होतं, पण ते वाजतं काम फसलं तर, काम सुरूच झालं नाही तर कोण वाजवणार? वर परत, सर्व्हर पडला तर पहारेकरी पण त्याच्याबरोबरच पडणार.

म्हणून काम बाहेर काढलं. आता सर्व्हरचा क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) रात्री दोन वाजता, एनएटएन ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात, चालतं त्याच्या आत एनएटएनचीच एक्स्पोर्ट कमांड चालवतो, बॅकअपचा पर्याय लावून, त्यामुळे प्रत्येक वर्कफ्लोची वेगळी आणि वाचता येईल अशी फाइल निघते. गंमत अशी की फाइलचं नाव असतं आयडी, म्हणजे माणसाला शून्य अर्थ. मग स्क्रिप्ट एक यादी पण बनवते: आयडी, नाव, कुठल्या क्लायंटचं, चालू की बंद. चालू-बंदचा रकाना फार महत्त्वाचा, कारण कमांडने इंपोर्ट केलेलं वर्कफ्लो बंद अवस्थेत येतं आणि चाळीस वर्कफ्लोंमधली कुठली चालू होती हे कुणाला आठवतं. रात्री काही बदललं नसेल तर गिटमध्ये कमिटच (नवी नोंद) होत नाही, मग बॅकअप झाला की नाही कळायचं कसं, तर स्क्रिप्ट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आजची तारीख लिहिते. तिला आम्ही हजेरी म्हणतो. सकाळी दुसऱ्या मशीनवरून हजेरी तपासली जाते, लागली नसेल तर चौघांना मेसेज.

क्रेडेन्शियलचं प्रकरण वेगळंच. ती पण एक्स्पोर्ट होतात पण एन्क्रिप्ट होऊन, आणि उघडायची किल्ली (एन्क्रिप्शन की) आपण स्वतः दिली नसेल तर डॉट एनएटएन नावाच्या लपलेल्या फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये पडलेली असते. ती किल्ली गेली तर बॅकअप असून नसल्यासारखा. आमच्यातल्या एकाने (मीच तो) कटकट नको म्हणून डिक्रिप्ट करून एक्स्पोर्ट केलं आणि ते रेपोत गेलं, फाइल उडवली तरी गिटची हिस्टरी काही विसरत नाही, अख्खा शनिवार सगळ्या एपीआय की (दुसऱ्या सेवांशी जोडणारे गुप्त कोड) बदलण्यात गेला. आता एन्क्रिप्शन की पासवर्ड मॅनेजरमध्ये, दोघांकडे, रेपोत कधीच नाही.

खरी परीक्षा म्हणजे दर तीन महिन्यांनी ड्रिल, बॅकअपमधून सगळं परत उभं करायचा सराव. रिकामा सर्व्हर, आणि ज्याने ते वर्कफ्लो बनवलेलं नाही त्याने फक्त रेपो आणि रीडमी (त्यातली सूचनांची फाइल) बघून सगळं उभं करायचं, बनवणाऱ्याने शेजारी बसायचं पण तोंड उघडायचं नाही. पहिल्या वेळी पूर्ण दिवस गेला. आणि त्याच वेळी कळलं की टाइमझोन सेट केला नाही तर एनएटएन न्यूयॉर्कचा धरतं. जुन्या सर्व्हरवर तो कुणीतरी कधीतरी सेट केला होता आणि कुठेच लिहून ठेवला नव्हता, सकाळी नऊचा रिपोर्ट भलत्याच वेळी आला. आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (सर्व्हरवरच्या अशा सेटिंगांची) यादी पण बॅकअपमध्ये असते, गुपितं सोडून.

एक्झिक्युशनचा, म्हणजे कुठलं वर्कफ्लो कधी चाललं याचा, इतिहास मात्र यात येत नाही. डिफॉल्टला तो ३३६ तासांनी, म्हणजे १४ दिवसांनी साफ होतो, आणि क्लायंट नेमकं महिनाभरापूर्वीचं विचारतो. ते काम अजून बाकी आहे.

गेल्या ड्रिलला ‘टेस्ट कॉपी ३’ वालीच बसली होती. सगळं भराभर झालं आणि मग गुगलचं लॉगिन काही केल्या होईना, कारण नव्या सर्व्हरचा पत्ता वेगळा आणि लॉगिननंतर गुगलने परत पाठवायचा पत्ता (रीडायरेक्ट) म्हणून आम्ही जुनाच नोंदवलेला. मला माहीत होतं, पण नियम नियम. नंतर तिने रीडमीत पत्ता बदलायची पद्धत लिहिली आणि खाली एक ओळ: “इथे दीड तास जातो. दादा शेजारी बसून चहा पितात, सांगत नाहीत.” ती ओळ अजून रेपोत आहे.