मागवाल्यांच्या गावातल्या दोन गाड्या

सुझुकी म्हटलं की आपल्याला मारुती आठवते. इथे जपानमधल्या हमामात्सूत, कंपनीच्या मुख्य कचेरीसमोरच्या संग्रहालयात, आधी भेटतात ते माग. मिचिओ सुझुकींनी १९०९ साली कारखाना काढला तो मागांचाच. सोलापूरच्या पूर्वभागात, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हे बघून परकं कसं वाटावं?

परवा काकांना व्हिडिओ कॉलवर आत फिरवलं. काकांचा चादरीचा कारखाना आहे, त्यामुळे गडी मागापाशीच अडकला. "अरे, धोटा जवळून दाखव की!" गाड्यांपर्यंत पोचायला बराच वेळ गेला.

पहिली सुझुलाईट, १९५५ची. ३६० सीसीचं दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ओढ पुढच्या चाकांना. त्या काळच्या जपानात ही धाडसाचीच गोष्ट. १९५१च्या सुमारास कापसाचा बाजार कोसळला, मागांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि या माणसांनी आधी सायकलला इंजिन लावलं, मग थेट मोटार काढली. नमुन्याच्या गाड्या हाकोनेचा कच्चा घाट चढवून टोकियोला नेल्या होत्या. कारागिराची हौस अशी गाडीभर दिसते. विकली मात्र फारशी गेली नाही. किंमत होती ४ लाख २० हजार येन, आणि एवढे पैसे तेव्हा कुणाकडे होते?

आता १९७९ची अल्टो. किंमत ४ लाख ७० हजार येन. मधल्या चोवीस वर्षांत जपानमधले पगार कुठल्या कुठे गेले, आणि गाडी महागली फक्त ५० हजारांनी! हे जमवलं ओसामू सुझुकींनी. ते वर्षभरापूर्वीच कंपनीचे अध्यक्ष झाले होते. गाडी मालवाहू म्हणून नोंदवली, म्हणजे प्रवासी गाडीवरचा वस्तू-कर लागत नाही. मग एकेक वस्तू काढत गेले. रेडिओ नाही, सिगारेट लायटर नाही, काच धुवायचं पाणी हाताने पंप मारून उडवायचं. डावीकडे जाऊन वाकून बघितलं, तर चालकाशेजारी बसणाऱ्याच्या दाराला किल्लीचं भोकच नाही, नुसता सपाट पत्रा. काका म्हणाले, "बरोबर आहे. मालकाकडे किल्ली एकच असते!"

लोक फोटो काढतात सुझुलाईटचे. दिसायला ती आहेच गोड. पण मला विचाराल तर हुशार गाडी अल्टोच. नवं काही घालणं हौशी माणसाला जमतं. काय काढलं तर गिऱ्हाईकाचं अडणार नाही, हे ओळखायला धंदा कळावा लागतो. चादरीत किती सूत कमी केलं तर ती चादर राहते, हा हिशेब सोलापुरात कुणाला सांगायला नको.

डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० याच अल्टोच्या घराण्यातली. फक्त तिला दारं चार आणि इंजिन ७९६ सीसीचं, फोर-स्ट्रोक. काकांकडे त्याच पहिल्या आकाराची होती. मागची सीट पाडून त्यात चादरींचे गठ्ठे कोंबलेले मी पाहिलेत. म्हणजे मालवाहू नोंदणी जपानने केली आणि खरी मालवाहू ती आमच्याकडे झाली.

कुणी इकडे आलात तर ताकात्सुका स्टेशनवरून चालत जाता येतं. प्रवेश फुकट आहे, नोंदणी मात्र आधी करा.