तुम्ही विचारलंत म्हणून: न कुजण्याचा चांगुलपणाशी काय संबंध?

"संतांची शरीरं कुजत नाहीत असं तुम्ही ख्रिस्ती लोक मानता. पण त्याचा माणूस चांगला असण्याशी काय संबंध?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, कधी कुतूहलानं, कधी चिमटा काढत.

शरीरांचं आधी उरकून घेते. लूर्दची संत बर्नादेत सुबिरू १८७९ साली फ्रान्समध्ये वारली. १९०९ मध्ये तिची शवपेटी उघडली तेव्हा देह बराच शाबूत होता. आज काचेआड दिसतो तो चेहरा मात्र मेणाच्या मुखवट्याचा आहे, आणि हे कुणी लपवलेलंही नाही. बहुतेक संत चारचौघांसारखेच मातीला मिळाले. त्यानं त्यांचं संतपण उणावलं नाही. मला स्वतःला या पेट्यांपुढे रेंगाळावंसं वाटत नाही.

बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात, प्रेषित पौल बियाण्याचा दाखला देतो: देह पेरला जातो तो नाशवंत, उठवला जातो तो अविनाशी. बी जसंच्या तसं राखून ठेवायचं असतं तर ते पेरलंच कशाला असतं? हे अविनाशीपण देव देतो, माणूस ते वस्त्रासारखं अंगावर चढवतो.

चांगुलपणाचा धागा मला सापडला तो चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्याकडे. देवानं माणसाला शून्यातून घडवलं, म्हणून देवाकडे पाठ फिरवली की तो पुन्हा शून्याकडेच घसरू लागतो, असं तो मांडतो. मग स्वतःच शंका काढतो: देवानं नुसता पश्चात्ताप मागितला असता तर भागलं नसतं का? नाही, कारण पश्चात्तापानं पाप थांबतं, पण आत शिरलेली कुज तशीच राहते. कधी खोटं बोलणं सोडून पाहा. तोंड बंद होतं, पण सोयीचं तेवढंच पाहणारी नजर जात नाही. लाच न घेणाऱ्यालाही पाकिटाकडे पाहून क्षणभर हिशेब सुचतोच. त्याचा हात स्वच्छ आहे, हे मी मुळीच कमी लेखत नाही. फक्त बरं व्हायचं बरंच काही अजून बाकी आहे. ख्रिस्तानं देह धारण केला तो यासाठी, असं अथनेशियसचं उत्तर: कुज आत होती, तेव्हा जीवनही आतच यायला हवं होतं.

ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन पुढचं टोक गाठतो. आदामाला पाप टाळता येत होतं. स्वर्गातल्या माणसाला पाप करताच येणार नाही. इथे लोक हटकून अडवतात: मग स्वातंत्र्य कुठे राहिलं? मला ही हरकत पटत नाही. आईला तान्ह्या लेकराला उपाशी ठेवणं जमतच नसेल, तर तिचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं असं आपण म्हणतो का?