तुम्ही विचारलंत म्हणून: नवं छप्पर उचकटून का बघितलं

"छप्पर चढवून झालं होतं, सिलिंगही लागलं होतं, मग ते काढून इंजिनिअरला का दाखवलंत? छप्पर पक्कं असल्याचा दाखला मागितला होता कुणी?" श्रीवर्धनकडच्या आमच्या घरी येणारा जो तो हेच विचारतो. लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात. एकदाचं लिहूनच टाकते.

दाखला कुणीही मागितला नव्हता. माझा त्रागा नेमका त्याचाच आहे. किनाऱ्यावरचं घर म्हटलं की सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांच्या, नकाशात ते भरतीरेषेपासून किती आत आहे हे बघतात. त्याचं छप्पर भिंतीला कशाने धरलंय, हे बघायला आमच्याकडे कुणी आलं नाही. निसर्ग वादळानंतर पंचनामे झाले, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख ठरले, आणि आजूबाजूला पत्रे होते तसेच, पुन्हा इंग्रजी J च्या आकाराच्या हुकांवरच चढले. ओढ आली की असा हुक सरळ होऊन निसटतो. वादळी भागात U च्या आकाराचे, दोन्ही टोकांना नट लागणारे बोल्ट लावायला सांगतात ते त्यासाठी.

3 जून 2020 ला निसर्गचा वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर होता, झोत 120 पर्यंत. पाखीवरून, म्हणजे छपराच्या उतारावरून, वारा जातो तेव्हा छपराला वरच्या दिशेने ओढ बसते, कडांना आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त. 120 च्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो भरतो. तेवढ्याच जागेतल्या पत्र्याचं वजन जेमतेम चार-पाच किलो. मग तो राहणार कशाच्या जोरावर? पत्रा रिपेला, रीप ट्रसला म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, ट्रस भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला, असं एकात एक पक्कं धरलेलं असेल तरच. मधला एक जोड कच्चा असला की बाकीच्यांचा उपयोग नाही. आणि हे सगळे जोड सिलिंग लागलं की दिसेनासे होतात.

आता मिस्त्रीकाकांचं. तुम्हाला खरं तर तेच विचारायचं असतं.

माझ्या लहानपणापासून आमच्या घराचं काम त्यांच्याकडे. वादळानंतर झाडं पडून रस्ते बंद, वीज नाही, अशात ताडपत्री खांद्यावर टाकून चालत आले ते तेच. नवे लोखंडी ट्रसही त्यांनीच चढवले, आणि मी मुंबईहून पोचेपर्यंत सिलिंग मारून झालं होतं. माणगावहून बोलावलेला इंजिनिअर म्हणाला, "झाकलेल्या जोडावर मी सही करणार नाही." काका तिथेच उभे होते. "बाय, माझ्यावर विश्वास नाय तुझा?" मी म्हटलं, "आहे काका. पण मला बोल्ट बघायचेत." ते बोलणं मला तेव्हा बरोबर वाटलं, आजही वाटतं. त्यांचा चेहरा आठवला की बरं मात्र वाटत नाही.

सिलिंगच्या पट्ट्या त्यांनी स्वतःच काढल्या. माजघरावरचे जोड उत्तम निघाले. काँक्रीटमध्ये बसवलेले बोल्ट, वर प्लेट, दोन-दोन नट. इंजिनिअरने प्रत्येकाला पाना लावला, एकही हलला नाही. काका काही बोलले नाहीत. मग पडवी उघडली. तिथले पाइप खांबांना बाइंडिंगच्या तारेने आवळलेले होते, पीळ घालून, वरून रंग मारून. "पडवीच ती," काका म्हणाले. पण वारा शिरतो तो पडवीतच. खालून रेटतो, वरून ओढ असतेच, आणि पडवी उखडली की मागचं छप्पर उघडं पडतं. काकांनी क्लॅम्प आणले, जोड करून दिले, मजुरी घेतली. जेवायला थांबले नाहीत. त्यानंतर आमच्याकडे कामाला आलेले नाहीत.

"मे 2021 ला तौक्ते वादळ आलं, छप्पर टिकलं, म्हणजे तुझंच खरं," असं म्हणून तुम्ही माझी समजूत घालता. तसं काही नाही. तौक्ते समुद्रातूनच वर गुजरातला गेलं. त्यावरून माझं छप्पर निसर्गसारख्या वाऱ्यात टिकेल हे ठरत नाही.

निसर्गनंतरच्या रागात मी पंचायतीला अर्ज दिला होता: किनाऱ्यावरच्या प्रत्येक छपराची, ते झाकण्याआधी, तपासणी सक्तीची करा. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या 14 काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, 1988 पासून बांधलेल्या घराला तिथल्या वादळी विमा संस्थेकडून विमा हवा असेल, तर नियमाप्रमाणे बांधल्याचा दाखला लागतो, हे वाचून मला जोर आला होता. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, सही करणारा पाना लावेल, की ओटीवर चहा पिऊन शिक्का मारेल? आणि ज्याचं घर दीड लाखात उभं राहायचंय, त्याने इंजिनिअरचे पैसे कुठून आणायचे? त्यावर ती म्हणेल, मग पडवीतली तार कुणाला दिसली असती? तिला माझ्याकडे उत्तर नाही.

अर्ज मी मागे घेतलेला नाही, पाठपुरावाही केलेला नाही. मिस्त्रींना आधी शिकवा, मग तपासा, असं अलीकडे वाटतं. पण माजघरावर इतकं नेटकं काम करणाऱ्या माणसाला शिकवायचं तरी काय? त्यांना ठाऊक होतं सगळं. पडवी त्यांनी घरात धरली नाही, इतकंच. तुमचं काम चालू असेल तर सिलिंग मारायच्या आधी बोलवा कुणाला तरी, आणि आधी पडवी दाखवा.