तेरीज जुळली आणि पाटील हरवले

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातली गुळाची एक आडत. तिथला हिशोब वर्षानुवर्षं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये चालायचा. कुणीतरी कधीकाळी लिहून दिलेला प्रोग्राम, काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं काम नाही. पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा विक्रीहिशोब), उचल, हमाली, तोलाई, सगळं चोख. पण संगणक म्हातारा झालेला, मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधारही 2015 सालीच काढून घेतलेला, आणि सीएंना सगळं टॅलीत हवं होतं. 31 मार्चच्या बाक्या एका मुलानं टॅलीत नेऊन दिल्या. मला बोलावणं आलं ते त्यानंतर, एप्रिलात.

झालं होतं असं, की बी. एस. पाटील नावाचा एक शेतकरी बाकी न्यायला आला. त्याच्या पट्ट्यांप्रमाणे येणं 48,000, टॅली दाखवत होती 8,000. तो गल्ल्यासमोर बसून राहिलेला, आणि मालक मला म्हणत होते, “तेरीज पैशापर्यंत जुळलीय, मग चूक कुठली?”

तेरीज, म्हणजे नावे आणि जमा बाजूंचा ताळा, खरंच जुळत होती. टॅलीत माहिती आयात करायच्या एक्सएमएल फाइलीत नावे रक्कम उणे लिहावी लागते, नवखा माणूस हमखास तिथं अडकतो. या मुलानं तेही बिनचूक केलं होतं. म्हणून मी रकमा सोडल्या आणि खाती मोजली. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल एक्सेलमध्ये उघडली तर 1,146 खाती. टॅलीत 1,079. सदुसष्ट खाती गायब, तरी दोन्ही बाजू सारख्याच!

फॉक्सप्रोतल्या त्या प्रोग्रामात खात्याची ओळख म्हणजे कोड नंबर. दहा बी. एस. पाटील असले तरी त्याला फरक पडत नाही. टॅलीत ओळख नावावर, एका नावाचं एकच लेजर, म्हणजे खातं. आयात करताना तेच नाव पुन्हा आलं तर काय करायचं, यासाठी टॅलीत पर्याय असतात: दुसरं सोडून द्यायचं, नव्या माहितीनं बदलायचं, की सुरुवातीच्या बाक्या एकत्र करायच्या. इथं एकत्र करायचा पर्याय लागला होता. त्यामुळे आमच्या बी. एस. पाटलांच्या 48,000 जमेतून दुसऱ्याच बी. एस. पाटलांची 40,000 ची उचल वळती झाली. नावे आणि जमा दोन्हीकडून सारखीच रक्कम गेली, म्हणून तेरजेला त्याचा पत्ताच नाही. आडतीच्या कामात हा पर्याय मी तरी कधी लावणार नाही. त्यापेक्षा दुसरं खातं सोडून दिलेलं परवडलं. त्यात निदान तेरीज बिघडते आणि माणूस शोधाशोध करतो.

शेतकऱ्याचे पैसे जुन्या संगणकावरची बाकी बघून तिथल्या तिथं चुकते केले. राहिला प्रश्न बाकीच्यांचा. जुन्या फाइलीत गावाचा रकाना होता, पण अर्धा रिकामा. एंटर मारून पुढं जाता यायचं, मग कोण भरतंय? सारख्या नावांची यादी छापून मी दिवाणजींपुढं ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ धरला आणि लाल पेनानं गावं लिहायला सुरुवात केली. “ह्यो वडणग्याचा. ह्यो केर्लीचा, ह्येचं सोताचं गुऱ्हाळ हाय. आनि ह्यो वारला, आता पोरगा येतोय, पर खातं बापाच्याच नावावर.” कोड बघून, क्वचित बाकीचा आकडा बघून ते माणूस ओळखत होते. कुठलीही क्वेरी लिहून मला हे निघालं नसतं.

मग टॅलीत नव्यानं कंपनी, म्हणजे कोरी हिशोबवही, उघडली. लेजरच्या नावात गाव, उपनावाच्या जागी जुना कोड. एप्रिलच्या नोंदी थोड्याच होत्या, त्या हातानं पुन्हा घातल्या. आयात संपल्यावर आधी बघितलं ते किती खाती ‘एकत्र’ झाली ते. शून्य. मग एकेक बाकी जुन्या यादीशी लावून पाहिली.

वडणग्याच्या दोन पाटलांची आद्याक्षरंही एकच निघाली, तिथं गावानंही भागेना. दिवाणजींनी एकापुढं ‘माळ’ आणि दुसऱ्यापुढं ‘तळं’ लिहिलं, मी तसंच टॅलीत चढवलं. ऑडिटला सीएंकडून फोन आला, ही ‘माळ’ म्हणजे दुकानाची दुसरी शाखा का?